मुलाबरोबर मिनिएचर वॉरगेम सुरू करायचाय, सुरुवात कुठून करू?

ठाणेकर८२

नमस्कार मंडळी. माझा मुलगा साडेनऊ वर्षांचा आहे. मे महिन्यात माझी बहीण इंग्लंडहून आली होती. तिच्या मुलाने येताना वॉरहॅमर ४०,००० या लहान पुतळ्यांच्या युद्धखेळाचे मूठभर रंगवलेले सैनिक आणले होते. दोघं भाऊ फरशीवर पुस्तकांचे डोंगर करून दिवसभर खेळत. भाचा परत गेला, पण आमच्या घरात अजून तोच विषय चालू आहे.

मला बुद्धिबळ आणि कॅरम सोडून काही येत नाही. नेटवर बघायला गेलो तर आवृत्त्या, कोडेक्स, पॉइंट्स, शंभर प्रकारचे रंग. मुलगा मराठी माध्यमात आहे, इंग्रजी नियम त्याला एकट्याने वाचता येणार नाहीत. हॉलमध्ये मोठं टेबल मावत नाही. आणि हरला की त्याच्या डोळ्यांत पाणी येतं, ही माझी खरी काळजी. हे त्याचं एकट्याचं खेळणं होऊ नये, आम्हा दोघांचं व्हावं असं वाटतं. नेमकं काय आणू आणि पहिल्या संध्याकाळी काय करू?

रंगकुंचला

दादा, मी आणि माझी लेक (आता सातवीत आहे) पुण्यात हेच खेळतो, तेव्हा सविस्तर लिहिते.

पहिली गोष्ट, रंगांची खरेदी बाजूला ठेवा. आधी खेळा. राखाडी प्लास्टिकचे बिनरंगी सैनिक घेऊन खेळलात तरी काही बिघडत नाही. पोराला रंगवायची ओढ लागते ती 'या पठ्ठ्याने काल मला वाचवलं' असं झाल्यावर. आधी महिनाभर रंगकाम आणि मग खेळ, हा क्रम मोठ्यांना जमतो, मुलांना नाही.

वॉरहॅमरच घ्यायचं तर सुरुवातीच्या संचांपैकी सगळ्यात लहान बघा. जून २०२३मध्ये दहावी आवृत्ती आली, त्या वेळच्या संचांत एका बाजूला स्पेस मरीन म्हणजे चिलखती अंतराळ सैनिक आणि दुसऱ्या बाजूला टिरॅनिड नावाचे किडे होते. ते मॉडेल खाचेत खाच बसवून जोडायचे, गोंद लागत नाही. फ्रेममधून तुकडे कापायचं काम तुमचं, जोडायचं त्याचं. ही जोडी लहान मुलांसाठी मला फार आवडते, कारण समोर माणसं नसून किडे असतात. वॉरहॅमरच्या जगातली मूळ कथा बरीच काळोखी आहे, त्या कादंबऱ्या आत्ता नकोत. कोणत्या ग्रहावर काय चाललंय ते तुम्ही दोघंच ठरवा.

आता पहिली संध्याकाळ. पाच मरीन विरुद्ध दहा टर्मागंट (टिरॅनिडांमधले लहान किडे), बस्स. दोन फूट बाय दोन फूट जागा पुरते, दिवाणावर ड्रॉइंग बोर्ड ठेवलात तरी चालेल. हा खेळ इंचात मोजतात, त्यामुळे शिवणाच्या डब्यातली टेप उत्तम. फासे ल्युडोचेच, फक्त जरा जास्त लागतील.

गोळीबाराचे तीन टप्पे समजले की निम्मा खेळ समजला. समजा पाच इंटरसेसर, म्हणजे बोल्ट रायफल घेतलेले मरीन, प्रत्येकाचे दोन मारे, म्हणजे दहा फासे. ३ किंवा जास्त पडलं की नेम लागला, साधारण सहा-सात लागतात. लागलेले तेवढेच फासे उचलून पुन्हा टाकायचे. बंदुकीची ताकद ४, टर्मागंटचा कणखरपणा ३. ताकद जास्त असल्याने पुन्हा ३ किंवा जास्त हवं. उरले चार-पाच. आता समोरच्याची पाळी, कवचाचा फासा. टर्मागंटचं कवच ५चं, म्हणजे ५ किंवा जास्त पडलं तर तो वाचतो, पण बोल्ट रायफल ते एकाने कमजोर करते, म्हणजे ६च पडायला हवा. शेवटी तीन-चार किडे आडवे. दर टप्प्याला मूठ लहान होत जाते, आणि ती मूठ मुलाच्या हातात असते. अपूर्णांक आणि संभाव्यता माझ्या लेकीला त्या मुठीतून कळल्या, पाटीवर लिहून मी हे शिकवू शकले नसते.

उलट बाजूनेही करून बघा. दहा टर्मागंटांचे दहा फासे, ४ किंवा जास्तला नेम, पाच लागले. ताकद ५ विरुद्ध कणखरपणा ४, त्यातले तीन-चार भिनले. मरीनचं कवच ३चं, सरासरी एकच जखम आत जाते. आणि मरीन मरायला दोन जखमा लागतात. म्हणजे दुरून गोळ्या झाडत बसलं तर किडे हरणारच. त्यांनी धावत जाऊन जागा धरायची. प्रत्येक मॉडेलला जागा धरण्याचा एक आकडा असतो, जागा कोणाची हे ठरतं तिथे उभ्या मॉडेलांच्या त्या आकड्यांची बेरीज करून, आणि मुंडकी किड्यांकडे जास्त. हे मुलाला सांगू नका. त्याला सापडू द्या. ज्या दिवशी सापडेल त्या दिवसाचं त्याचं तोंड बघण्यासारखं असेल.

रडण्याबद्दल. पहिल्यापासून 'किती मारले' यावर जिंकणं ठेवू नका. टेबलाच्या मध्ये एक नाणं ठेवा, चौथ्या फेरीअखेर ते ज्याच्या ताब्यात तो जिंकला. मग सगळे मेले आणि एक उरला तरी आशा असते. आणि डाव लहान ठेवा, संपला की लगेच बाजू बदलून तोच डाव पुन्हा. आमच्याकडे रडू यामुळे थांबलं. आपण ज्यांच्या हातून हरलो त्यांनाच घेऊन खेळायला मिळतं, तेव्हा राग कुठे धरायचा? मुद्दाम हरू मात्र नका. मुलांना ते कळतं, आणि मग त्यांना मिळालेला प्रत्येक विजय संशयास्पद होतो.

नियमांचं म्हणाल, तर प्रत्येक तुकडीसाठी पोस्टकार्डाएवढा पुठ्ठा घ्या आणि मराठीत लिहा: किती इंच चालतो, किती फासे, कितीला नेम, कवच कितीचं, जखमा किती. अक्षर मुलाचं असू द्या. त्यातले आकडे त्याला लगेच तोंडपाठ होतील.

तरीही जड वाटलं तर वन पेज रूल्स नावाचे मूळ नियम फुकट मिळतात, सैनिक कुठलेही चालतात. त्यात फासे टाकायचे टप्पे दोनच, एक मारणाऱ्याचा आणि एक झेलणाऱ्याचा. शिवाय एक तुकडी तू हलव, मग एक मी, असं आळीपाळीने चालतं. वॉरहॅमरमध्ये एकाची पूर्ण फौज हलून होईपर्यंत दुसऱ्याने थांबायचं. नऊ वर्षांच्या मुलासाठी हा फरक फार मोठा आहे. मी तर आधी हेच शिकवा म्हणेन.

आणि सैन्य वाटून घ्या. एक त्याचं, एक तुमचं, आणि त्याच्या सैन्याचा रंग तोच ठरवणार. माझ्या लेकीने तिचे किडे राणी कलर आणि मोरपंखी केले. खोक्यावरच्या चित्राशी काही संबंध नाही, आणि मला आमच्या कपाटातलं तेच सैन्य सगळ्यात सुंदर वाटतं.

माळ्यावरचा_कारखाना

ताईंशी सहमत. रंगाची वेळ येईल तेव्हासाठी थोडं.

प्राइमरचा (रंगाआधी द्यायच्या पहिल्या हाताचा) स्प्रे पावसाळ्यात मारू नका. हवेत दमटपणा असला की थर पावडरीसारखा खरखरीत बसतो आणि बारकावे बुजतात. जून ते सप्टेंबर ब्रशने लावायचा प्राइमर वापरा. स्प्रे मारायचाच तर कोरड्या दिवशी, गच्चीवर, मास्क लावून, वीतभर अंतरावरून पातळ हात, आणि मुलगा लांब.

मुलांसाठी सोपी पद्धत: काळा प्राइमर, त्यावर जवळजवळ कोरड्या ब्रशने पांढरा रंग घासायचा म्हणजे उंचवटे उजळतात, मग वरून कॉन्ट्रास्ट प्रकारचा पातळ रंग. हे रंग २०१९मध्ये आले. खोबणीत गडद आणि उंचवट्यावर फिका असे आपोआप बसतात. साधा अॅक्रिलिक असेल तर पाणी घालून दोन पातळ हात द्या. ब्रश अगदी बारीक घेऊ नका, टोकावर रंग वाळतो. १ किंवा २ नंबरचा, टोक नीट असलेला घ्या.

डोंगर, भिंती थर्माकोलच्या करणार असाल तर त्यावर थेट स्प्रे नको, थर्माकोल विरघळतो. आधी फेव्हिकॉल आणि पाण्याचा जाड हात द्या.

जुने धातूचे सैनिक कोणी स्वस्तात देत असेल तर मुलाच्या हातात देऊ नका, जुन्या ओतकामात शिसं असायचं. घरी रेझिनचा थ्रीडी प्रिंटर असलेला मित्र असेल तर पूर्ण धुऊन, क्युअर (म्हणजे पक्कं कडक) करूनच सैनिक घ्या. ओलं रेझिन त्वचेला वाईट.

मिडलँड्सकर

आम्ही इंग्लंडमध्ये असतो. वॉरहॅमर बनवणारी गेम्स वर्कशॉप कंपनी इथल्या नॉटिंगहॅमची, आणि खेळाची पहिली आवृत्ती १९८७ची. कंपनीच्या आवारात वॉरहॅमर वर्ल्ड आहे, तिथे मोठमोठ्या देखाव्यांचं प्रदर्शन आहे आणि खेळायला दालन. मुलाला घेऊन कधी बहिणीकडे आलात तर एक दिवस त्यासाठी ठेवाच. शिवाय त्यांच्या दुकानांत नवीन मुलांना टेबलाशी उभं करून पहिला डाव शिकवतात. मी माझ्या मुलीबरोबर तिथेच शिकलो. दुकानातला मुलगा नियम तिलाच समजावत होता, मी बाजूला उभा, आणि घरी आल्यावर मला शिकवलं तिने. त्यामुळे तिला जो ताठा आला तो मला फार आवडला. भाच्याला व्हिडिओ कॉलवर तुमच्या मुलाला शिकवायला सांगा, तुम्ही नंतर मुलाकडून शिका.

बहीण पुढच्या वेळी येताना सैनिक आणू शकेल, न कापलेल्या फ्रेम सपाट असतात, बॅगेत सहज बसतात. स्प्रेचे डबे मात्र मागवू नका, विमानात चालत नाहीत.

ठाणेकर८२

सगळ्यांचे मनापासून आभार. मुलाला वाचून दाखवलं, तो पुठ्ठे कापायला बसलासुद्धा. खोकं यायला वेळ लागेल. त्याने माळ्यावरून दिवाळीच्या किल्ल्यावरचे मातीचे मावळे खाली काढायला लावलेत आणि 'बाबा, तोवर यांच्याशी खेळू' म्हणतोय. ताई, हे जमेल का? मावळे सगळे वेगवेगळ्या उंचीचे आहेत, एकाचा घोडा तर सगळ्यांपेक्षा लहान.

रंगकुंचला

जमेल काय, यासारखी सुरुवात नाही! किल्ला करणाऱ्या घरात निम्मं सामान आधीच असतं.

पावनखिंड खेळा. जुलै १६६०, पन्हाळ्याचा वेढा, भर पावसात महाराज विशाळगडाकडे निघालेत आणि बाजीप्रभू घोडखिंडीत मागे थांबलेत. हा प्रसंग खेळासाठी फार नेमका आहे, कारण खिंडीतल्या लोकांना शत्रू संपवायचा नाही, वेळ काढायचा आहे.

उशा किंवा थर्माकोलचे दोन डोंगर, मधली वाट चार मावळे शेजारी शेजारी उभे राहतील एवढीच. बारा मावळे खिंडीत, चोवीस जण पलीकडे. तेवढे नसतील तर बुद्धिबळातली प्यादी घ्या. मातीचे पाय पटकन मोडतात, म्हणून प्रत्येकाला खाली पुठ्ठ्याची चकती फेव्हिकॉलने चिकटवा. सगळ्यांच्या चकत्या सारख्या ठेवल्या की उंचीचा प्रश्न मिटतो, मोजायचं चकतीपासून.

चाल सहा इंच. चकतीला चकती भिडली की लढाई, दोघांनी एकेक फासा टाकायचा, लहान आकड्याचा पडला, बरोबरी झाली तर दोघं उभे. मावळ्याला खिंडीत असेपर्यंत फाशावर एक जास्त, बाजीप्रभूंना दोन जास्त, आणि ते पहिल्यांदा हरले तर जखमी होऊन लढत राहतात. पलीकडचा पडलेला माणूस पुढच्या फेरीला मागच्या काठावरून परत येतो, कारण पाठलागावरची फौज संपत नाही.

पाचव्या फेरीपासून प्रत्येक फेरीअखेर मावळ्यांच्या बाजूने एक फासा टाका. ५ किंवा ६ पडला की विशाळगडावरून तोफांचे आवाज झाले. त्या क्षणी खिंडीत एक जरी मावळा उभा असेल तर डाव मावळ्यांचा. त्याआधी खिंड रिकामी झाली तर पाठलागावरच्या सिद्दी मसूदचा.

बाजीप्रभू कोण होणार यावर भांडण होईल, ते फाशानेच सोडवा. आणि दुसरा डाव बाजू बदलून, लगेच. सिद्दीच्या बाजूने खेळताना त्याला कळेल की चोवीस जण असूनही एका वेळी चारच पुढे जाऊ शकतात. आक्रमण फारच सोपं किंवा अवघड वाटलं तर माणसांचा आकडा बदलू नका, खिंडीची रुंदी एका चकतीने बदला. रुंदी किती ठेवली आणि काय झालं ते इथे लिहा, मला लेकीबरोबर तेच करून बघायचंय.