स्टार्चची फिल्म वाळताना तडकते
प्रश्न: एमएस्सीच्या जैवप्लास्टिक प्रकल्पासाठी 100 मिली पाण्यात 5 ग्रॅम मक्याचं स्टार्च आणि फिल्म लवचीक राहावी म्हणून 1 ग्रॅम ग्लिसरॉल घेतलं. फिल्म तडकते. पुढे पीएचडी याच विषयात करायची आहे.

उत्तर 1: ग्लिसरॉल कमी पडतंय. स्टार्चच्या 30 टक्के, म्हणजे दीड ग्रॅम घ्या. 85–90 अंशांवर अर्धा तास ढवळा. दुधाळपणा जाऊन द्रावण दाट, अर्धपारदर्शक झालं नाही तर स्टार्चचे दाणे फुगलेच नाहीत समजा. 40 अंशांवर सावकाश वाळवा.

उत्तर 2: आणि आर्द्रता सांभाळा! ताणचाचणीआधी (फिल्म किती ताण सहन करते ते मोजण्याआधी) नमुने 23 अंश, 50 टक्के आर्द्रतेत 40 तास ठेवा, नाहीतर आकडे जुळायचे नाहीत.

उत्तर 3: पीएचडीसाठी जीवनचक्र मूल्यांकन (वस्तू बनण्यापासून नष्ट होईपर्यंतचा पर्यावरणावरचा परिणाम मोजणं) आत्ताच शिका. नुसतं ‘विघटनशील’ लिहू नका, ते किती तापमानाला होतं तेही द्या. उदाहरणार्थ पीएलए (पॉलिलॅक्टिक आम्ल, एक जैवप्लास्टिक) 58 अंशांच्या कंपोस्टमध्ये मोडतं, थंड मातीत वर्षानुवर्षं तसंच राहतं.