वारस नोंद ई-हक्कवरून टाकायची आहे: बहिणीचं नाव, सोसायटीचा बोजा आणि फार्मर आयडी

द्राक्षपट्टा_तासगाव
मयत खातेदाराच्या नावावर तासगाव तालुक्यात एकाच गावात दोन गट, शिवाय कोरेगाव तालुक्यात एक गट आहे. वारस चौघे: पत्नी, दोन मुलगे आणि मिरजेला दिलेली मुलगी. तासगावच्या एका गटावर विकास सोसायटीचा बोजा आहे. सातबारा मयताच्या नावावर असल्यामुळे मुलांचा फार्मर आयडी (शेतकरी ओळख क्रमांक) निघत नाही. अर्ज ई-हक्कवरून, म्हणजे फेरफाराचे अर्ज ऑनलाइन घेणाऱ्या सरकारी संकेतस्थळावरून, भरायचा आहे. अर्ज एकच की तीन? सोसायटीचं कर्ज फिटेपर्यंत नोंद अडते का? आणि बहीण हिस्सा सोडायला तयार आहे, तर तिचं स्टॅम्पवर संमतीपत्र घेऊन थेट दोघा भावांची आणि आईची नावं लावता येतील का? माहितगारांनी सांगावं.

गावनमुना
अर्ज दोन. खातं गावनिहाय असतं, त्यामुळे तासगावच्या गावाचा एक आणि कोरेगावच्या गावाचा एक. गट किती आहेत यावर ते ठरत नाही.

अर्जाला बसण्याआधी महाभूलेखवर (सातबारा बघायचं सरकारी संकेतस्थळ) दोन्ही गावांचा ८-अ, म्हणजे खात्यावरच्या सगळ्या गटांचा उतारा, नावाने शोधा, नुसत्या खाते क्रमांकाने नको. एकाच माणसाची एका गावात दोन खाती असणं नेहमीचं आहे: एक स्वतःचं, दुसरं भावकीतलं सामाईक. लोक स्वतःच्या खात्यावर वारस लावून मोकळे होतात आणि सामाईक विहिरीच्या किंवा पड जमिनीच्या गटावर मयताचं नाव वीस वर्षं तसंच राहतं. ते कळतं कर्जाच्या नाहीतर विक्रीच्या वेळी.

ई-हक्कवर लॉगिन करून ७/१२ चे फेरफार निवडा. मग जिल्हा, तालुका, गाव आणि प्रकार ‘वारस नोंद’. मयताचा खाते क्रमांक टाकला की त्यावरचे गट समोर येतात. ते ८-अ शी ताडून सगळे निवडा. पुढे प्रत्येक वारसाचं नाव, मयताशी नातं, पत्ता, मोबाईल. जोडायचे कागद: मृत्यूचा दाखला, सगळ्या वारसांची नावं असलेलं प्रतिज्ञापत्र, आधारच्या प्रती, ८-अ आणि सातबारा. कागद मोबाईलच्या कॅमेऱ्याने तिरके काढू नका. दाखल्यावरचा नोंदणी क्रमांक आणि मृत्यूची तारीख वाचता आली नाही तर अर्ज त्रुटी लावून परत येतो, आणि बहुतेक अर्ज एवढ्यावरच परत येतात.

बोजामुळे वारस नोंद अडत नाही. बोजा सातबाऱ्याच्या ‘इतर हक्क’ रकान्यात आहे तसाच राहतो, फक्त देणं वारसांकडे येतं. कर्ज फिटल्यावर सोसायटीचं पत्र जोडून ‘बोजा कमी करणे’ हा वेगळा अर्ज त्याच ई-हक्कवर करायचा.

हक्कनोंद
बहिणीचं संमतीपत्र चालणार नाही. पाचशेच्या स्टॅम्पवर लिहा की हजाराच्या, स्थावर मिळकतीतला हक्क सोडायचा तर दस्त नोंदणीकृतच लागतो. आधी चौघांचीही नावं वारस म्हणून लावून घ्या. मग बहिणीला खरंच सोडायचं असेल तर दुय्यम निबंधकाकडे हक्कसोड पत्र नोंदवा. त्या दस्ताची माहिती निबंधक कार्यालयातून ई-फेरफार या महसूलच्या संगणक प्रणालीत आपोआप जाते, त्यासाठी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे (पूर्वीचे तलाठी) निराळा अर्ज द्यायला लागत नाही.

मुलगी वगळून प्रतिज्ञापत्र करायचा सल्ला चावडीवर सर्रास मिळतो. तो ऐकू नका. ते खोटं प्रतिज्ञापत्र ठरतं, आणि हिंदू वारसा कायद्याच्या २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मिळकतीतही मुलीचा वाटा मुलाइतकाच आहे. पुढे तिची मुलं हरकत घेऊन आली की सगळा फेरफार अपिलात जातो.

अजून एक तपासा, दादा. मयताची आई हयात आहे का? असेल तर तीही वर्ग १ ची, म्हणजे पहिल्या हक्काची वारस, म्हणजे वारस पाच. आजीचं नाव राहून जाणं ही आपल्याकडची सगळ्यात नेहमीची चूक आहे. एखादा मुलगा आधीच वारला असेल तर त्याची बायको-मुलंही येतात.

कायद्याने हक्क मिळाल्यापासून तीन महिन्यांत कळवायचं असतं (जमीन महसूल संहिता १९६६, कलम १४९). उशीर झाला म्हणून वारसाचा हक्क जात नाही, तेव्हा जुनं प्रकरण असलं तरी अर्ज करा.

सेतू_कोरेगाव
फार्मर आयडीसाठी विचारताय म्हणून नावाचं सांगतो, कारण खरी गाडी तिथंच रुतते. नोंदणी करताना आधारवरचं नाव आणि सातबाऱ्यावरचं नाव यंत्रणा ताडून बघते. मेळ कमी बसला की अर्ज मंजुरीसाठी अधिकाऱ्याकडे थांबतो. माणसाला ‘बापू’ आणि ‘बापूसो’ एकच वाटतात, संगणकाला नाही वाटत. म्हणून वारस अर्जात प्रत्येकाचं नाव आधारवर आहे तसंच घाला: स्वतःचं, वडिलांचं किंवा पतीचं, आडनाव. घरात म्हणतात ते नाव नको. मुलीचं नाव सासरच्या आडनावाने, आणि माहेरचं नाव प्रतिज्ञापत्रात ‘पूर्वाश्रमीचे नाव’ म्हणून. आधारवरच चूक असेल तर आधी आधार दुरुस्त करा, मग ई-हक्क. उलट क्रमाने केलं तर सातबाऱ्यावरचं नाव बदलायला पुन्हा तहसीलची पायरी.

फार्मर आयडी प्रत्येक सहखातेदाराचा वेगळा. एका भावाचा काढला म्हणजे घराचा झाला असं नसतं. नोंदणी करताना दोन्ही तालुक्यांतले गट जोडा. कोरेगावचा गट विसरला तर तेवढं क्षेत्र आयडीत दिसणार नाही.

तोवर ई-पीक पाहणी, म्हणजे मोबाईल ॲपवरून सातबाऱ्यावर पीक नोंदवणं, थांबवू नका. एका मोबाईलवरून एकाहून जास्त खातेदारांची पाहणी करता येते. बागेसाठी लागवडीची तारीख, क्षेत्र, पाण्याचं साधन आणि ठिबक आहे की नाही ते भरा, फोटो बागेत उभं राहूनच काढा. चूक झाली तर ४८ तासांच्या आत स्वतः दुरुस्त करता येते. तो वेळ गेला की ग्राम महसूल अधिकाऱ्याकडेच जावं लागतं.

द्राक्षपट्टा_तासगाव
आजी हयात आहेत. बरं झालं विचारलंत, आता वारस पाच. अर्ज टाकल्यावर तो कुणाकडे अडकलाय हे कसं कळायचं? आणि किती दिवस धरायचे?

गावनमुना
ऑनलाइन झालं म्हणजे टेबलं कमी झाली असं नाही. टेबलं तीच, फक्त आता कुठल्या टेबलावर आहे ते दिसतं. अर्ज आधी ग्राम महसूल अधिकाऱ्याकडे जातो. कागद बरोबर असले की वारस नोंदवहीत, म्हणजे गाव नमुना ६-क मध्ये, नोंद होते. मंडळ अधिकाऱ्याने वारस मंजूर केले की मग नमुना ६ ला, म्हणजे फेरफार नोंदवहीत, फेरफार धरला जातो आणि त्याला क्रमांक पडतो. अर्ज क्रमांक आणि फेरफार क्रमांक या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. नुसत्या अर्ज क्रमांकावर ‘नोंद झाली’ समजू नका.

फेरफार धरल्यावर कलम १५०(२) ची नोटीस निघते आणि हरकतीसाठी १५ दिवस असतात. हा काळ कुणाच्या ओळखीने कमी होत नाही, तेव्हा त्यासाठी कुणी पैसे मागितले तर देऊ नका. ‘आपली चावडी’ (फेरफाराच्या नोटिसा दाखवणारं संकेतस्थळ) उघडून गाव निवडा. तिथं फेरफार क्रमांक, प्रकार, गट आणि हरकतीची शेवटची तारीख दिसते. महाभूलेखवरच्या सातबाऱ्याच्या तळाशी ‘प्रलंबित फेरफार’ असाही उल्लेख येतो. शेवटची तारीख उलटली, हरकत नाही, तरी प्रमाणित होत नाही, तर महसूल मंडळात प्रलंबित नोंदी निकाली काढायला फेरफार अदालत भरते तिथं क्रमांक घेऊन जा. हरकत आलीच तर प्रकरण ६-अ च्या विवादग्रस्त नोंदवहीत जातं आणि सुनावणी लागते. निकाल पटला नाही तर प्रांताकडे ६० दिवसांत अपील.

प्रमाणित झाल्यावरही एक खोच उरते. डिजिटल सहीचा सातबारा १५ रुपयांना काढायला गेलात आणि तो गट उपलब्धच नाही असं दिसलं, तर बहुधा क्षेत्राचा मेळ बसत नाही. उदाहरणार्थ, गटाचं एकूण क्षेत्र १ हेक्टर २० आर, आणि खात्यांपुढची क्षेत्रं ०.६० अधिक ०.६१. हस्तलिखित सातबारे संगणकावर चढवताना असा एखादा आर सांडलेला असतो. असे गट ओडीसी अहवाल क्रमांक १ मध्ये (संगणकीय सातबाऱ्यातल्या चुकांची यादी) येतात आणि दुरुस्ती झाल्याशिवाय त्यांच्यावर सही होत नाही. त्याला कलम १५५ खाली तहसीलदारांचा आदेश लागतो. जुन्या हस्तलिखित सातबाऱ्याची आणि ज्या फेरफाराने क्षेत्र विभागलं त्याची नक्कल तालुक्याच्या अभिलेख कक्षातून काढून अर्जाला जोडा. तुमच्या तिन्ही गटांची बेरीज आजच कागदावर करून बघा. फरक निघाला तर वारस नोंदीबरोबरच हा अर्जही चालू करता येईल.

द्राक्षपट्टा_तासगाव
बघितली. तासगावचे दोन्ही बरोबर आहेत. कोरेगावच्या गटात पोटखराबा (लागवडीला न येणारा भाग) धरला तर बसतं, सोडला तर ५ आरांचा फरक.

गावनमुना
मग चूक नाही. लागवडीयोग्य अधिक पोटखराबा मिळून एकूण क्षेत्र येतं, आणि खात्यापुढे दोन्ही वेगळ्या रकान्यांत लिहिलेले असतात. बेरीज करताना दोन्ही धरायचे. तिथं १५५ ची गरज नाही, थेट वारस अर्ज टाका.