मदत हवी आहे: डेन्सिटी अल्टिट्यूड बरोबर येते, तरी टेक-ऑफचं अंतर चुकतं

नमस्कार मंडळी,

सीपीएलचं (व्यावसायिक वैमानिकाच्या परवान्याचं) ट्रेनिंग चालू आहे, सेसना १७२ या छोट्या विमानावर. विमानात हात बसलाय, पण वही उघडली की घोडं अडतं. परवा सरांनी माझ्या आकड्याभोवती लाल गोल केला, शेजारी प्रश्नचिन्ह काढलं आणि पुढच्या सॉर्टीला (उड्डाणाला) निघून गेले.

गणित असं. धावपट्टी २००० फुटांवर, क्यूएनएच (समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) १००६, दुपारी ३८ अंश. स्टँडर्ड दाब १०१३, त्यातून १००६ गेले, उरले ७. दर हेक्टोपास्कलला ३० फूट धरले तर २१०. म्हणजे प्रेशर अल्टिट्यूड (दाबावरून निघणारी उंची) २२१०. त्या उंचीला स्टँडर्ड तापमान १०.६, म्हणजे हवा २७.४ अंशांनी जास्त गरम. त्याला १२० ने गुणून मिळवले की डेन्सिटी अल्टिट्यूड (तापमानही धरून, हवा जितक्या उंचीवरच्याइतकी विरळ आहे ती उंची) ५५००. इथवर सरांची टिकमार्क आहे. मग पीओएचच्या (विमानाच्या माहितीपुस्तकाच्या) टेक-ऑफ अंतराच्या तक्त्यात ५००० आणि ६००० च्या मधे बोट ठेवलं, ४० अंशांच्या रकान्यात गेलो, आणि जो आकडा आला तो सरांच्या आकड्यापेक्षा कितीतरी मोठा.

दुसरं, धावपट्टी २९ (म्हणजे दिशा २९० अंश), वारा २३० वरून ८ नॉट. तक्त्याची तळटीप म्हणते की समोरून दर ९ नॉटला १० टक्के कमी करा. मी जवळजवळ ९ टक्के कमी केले. तेही चूक म्हणे.

आणि वजनाचं तर विचारूच नका. इंधन मिळतं लिटरमध्ये, पुस्तकात गॅलन आणि पौंड, माझं वजन किलोत. सोपी युक्ती आहे का?

प्रतिसाद
अरे, तू ऊन दोनदा मोजलंस! तक्त्याच्या डाव्या बाजूला काय लिहिलंय ते नीट वाच. तिथे प्रेशर अल्टिट्यूड आहे. गरमीचा हिशोब ४० च्या रकान्यात आधीच धरलाय. तू ५५०० घेऊन गेलास म्हणजे गरमी एकदा ओळीत आणि एकदा रकान्यात. २२१० घेऊन जा, २००० आणि ३००० च्या मधे. घाई असेल तर सरळ ३००० आणि ४० घे, चूक झालीच तर सुरक्षित बाजूला होईल.

प्रतिसाद
वर ताईंनी बरोबर सांगितलंय. वाऱ्याचं बघ: २९० आणि २३० मध्ये ६० अंशांचा फरक. ६० चा कोसाईन अर्धा, म्हणजे समोरून जेमतेम ४ नॉट, बाकी जवळपास ७ आडवा. सूट मिळते चार-साडेचार टक्के. मी तर एवढ्याशा वाऱ्याची सूट घेतच नाही. शेपटीकडून असेल तर मात्र सोडू नकोस, तिथे दर २ नॉटला १० टक्के वाढतात.

आणि ते ५५०० फुकट गेले असं समजू नकोस. त्या विरळ हवेत वेगमापकावर ५५ नॉट दिसताना नाक उचलशील तेव्हा वारा नसला तर चाकं साधारण ६० ने पळत असतात. एप्रिलच्या दुपारी धावपट्टी संपतच नाही असं वाटतं ना, ते यामुळेच.

वजनासाठी: एव्हगॅस (विमानाचं पेट्रोल) लिटरला ०.७२ किलो. २०० लिटर म्हणजे १४४ किलो. सगळं आधी किलोत मांड आणि शेवटी एकदाच २.२०५ ने गुणून पौंड कर. १७२ एस असेल तर कमाल २५५० पौंड. मधेच युनिट बदललंस की मेलास.

प्रतिसाद
एक भर. तक्त्यातले आकडे चांगल्या स्थितीतल्या विमानाचे आणि सरावलेल्या हातांचे असतात. क्लबची विमानं कशी असतात हे तुला माहीत आहेच. ब्रिटनचं सीएए (नागरी विमान वाहतूक प्राधिकरण) हलक्या विमानांना टेक-ऑफचं अंतर १.३३ ने आणि लँडिंगचं १.४३ ने गुणायला सुचवतं. मी तेच करतो. आणि नुसता ग्राउंड रोल (चाकं जमिनीवर असेपर्यंतचं अंतर) बघू नकोस, ५० फुटांचा अडथळा ओलांडण्याचा रकाना बघ.

धागाकर्ता
ताई, दादा, खूप आभार! पुन्हा मांडलं, सरांच्या आकड्यापासून पन्नास फुटांच्या आत आलो. लाज वाटली, तक्त्याचं शीर्षक महिनाभर वाचलंच नव्हतं. उद्या सकाळी ६ ला ब्रीफिंग आहे, तेव्हा २४ अंश असतील. म्हणजे सगळं परत मांडायला बसतो.