मदत हवी आहे: एच६१ मदरबोर्डवरचा आय३ काढून कोणता प्रोसेसर बसवावा?

नमस्कार मंडळी,

आमच्या पेठेतल्या एका छोट्या वाचनालयातील जुन्या मासिकांची पाने स्कॅन करून, ओसीआरच्या साहाय्याने त्यांतला मजकूर उतरवण्याचे काम मी घरच्या डेस्कटॉपवर करतो. २०१२ साली घेतलेल्या या संगणकात एच६१ चिपसेटचा मदरबोर्ड, कोअर आय३-२१२० प्रोसेसर, ८ जीबी डीडीआर३ रॅम आणि नंतर बसवलेली एसएसडी आहे. ओसीआर चालू असताना प्रोसेसर सतत १०० टक्क्यांवर असतो आणि रॅम निम्मीही भरत नाही, त्यामुळे अडचण प्रोसेसरचीच आहे.

सॉकेट (बोर्डवर प्रोसेसर बसवायची जागा) ११५५ असल्याने आय५-३४७० किंवा आय७-३७७० घ्यावा असे मनात आहे. कोअर दोन्हींत चारच, पण आय७ मध्ये थ्रेड (एका वेळी चालू शकणाऱ्या कामांच्या धारा) आठ मिळतात आणि ओसीआरसाठी एका वेळी अनेक पाने लावता येतात, म्हणून माझा कल त्याच्याकडे आहे. तपकीर गल्लीतल्या दुकानात विचारले असता "सॉकेट तोच आहे, बिनधास्त बसवा" असे सांगण्यात आले. मला मात्र हे उत्तर अपुरे वाटते. बोर्डाचे बायोस (संगणक सुरू करणारे बोर्डवरचे सॉफ्टवेअर) माझ्या आय३च्या, म्हणजे दुसऱ्या पिढीच्या काळातले असेल, तर ३४७० किंवा ३७७० सारखा तिसऱ्या पिढीचा प्रोसेसर बसवल्यावर पडद्यावर काहीच येत नाही. म्हणजे आय३ जागेवर असतानाच बायोस अद्ययावत करायला हवे, आणि मध्येच वीज गेली तर बोर्ड निकामी होण्याची भीती. यूपीएस आहे, पण त्याची बॅटरी जुनी झाली आहे.

बायोसला हात न लावता दुसऱ्या पिढीचाच आय७-२६०० बसवता येईल, पण तो ९५ वॉटचा. आय३ ६५ वॉटचा आणि ३७७० ७७ वॉटचा. माझ्या बोर्डवर सॉकेटशेजारच्या मॉस्फेटना (प्रोसेसरला वीज पुरवणाऱ्या भागांना) हीटसिंक नाहीत आणि पंखाही आय३सोबत आलेलाच आहे. ओसीआर रात्रभर चालते, त्यामुळे पुण्याच्या एप्रिल-मेमध्ये हा भार बोर्डाला झेपेल का?

संगणकावर उबुंटू असल्याने विंडोज ११ चा प्रश्न नाही. नवा संगणक घेण्याचा सल्ला कृपया देऊ नये, वाचनालयाकडे तेवढा निधी नाही.

एच६१ बोर्डवर ३७७० प्रत्यक्ष वापरणाऱ्यांनी कृपया सांगावे: केवळ बायोस अद्ययावत करून भागले, की मॅनेजमेंट इंजिनचे (चिपसेटमधल्या इंटेलच्या अंतर्गत नियंत्रकाचे) फर्मवेअरही बदलावे लागले? आणि वापरलेला प्रोसेसर घेताना दुकानातच चालवून पाहायचा झाल्यास कोणती चाचणी किती वेळ लावावी?