एक्स्पीवरचा पेजमेकर नव्या लॅपटॉपवर कसा चालवायचा? पत्रिकेचं काम अडलंय

शापूरकर_डीटीपी
नमस्कार मंडळी. बेळगावात शहापूरला आमचं डीटीपीचं छोटं दुकान आहे, लग्नपत्रिका, बिलबुकं, जत्रेची हँडबिलं असलं काम. कॉम्प्युटर २००७ चा, विंडोज एक्स्पी, पानं मांडायला पेजमेकर ७, मराठी टाईप करायचं जुनं लिपीचं पॅकेज आणि कन्नड टाईप करायला जुनी नुडी. आता तो चारदा बटण दाबलं की एकदा चालू होतोय, मदरबोर्डवरचे कंडेन्सर फुगलेत म्हणे. पोरानं नवीन लॅपटॉप आणलाय, विंडोज ११ वाला, त्याला सीडी घालायला जागाच नाही ते वेगळंच. गल्लीतला एकजण म्हणालाय दीड हजार द्या, अकरा काढून एक्स्पी टाकून देतो. टाकून घेऊ काय? सगळ्या जुन्या पत्रिका त्यात आहेत, गिऱ्हाईक येतंय आणि म्हणतंय थोरल्याची होती तशीच धाकट्याची करा, मग मी काय दाखवू. तुळशीचं लगीन झालं की डोकं वर काढायला सवड नसते, लवकर सांगा.

उद्यमबागचा_फिटर
दीड हजार खिशातच ठेवा ओ काका. एक्स्पी २००१ ची, त्या सीडीत आताच्या एनव्हीएमई डिस्कचा ड्रायव्हर, म्हणजे ती डिस्क ओळखणारं सॉफ्टवेअर, नाही, यूएसबी ३ चा पण नाही, म्हणजे इन्स्टॉल करायला बसलं की डिस्कच दिसत नाही आणि माऊस पण हलत नाही. त्यात बऱ्याच नव्या लॅपटॉपना चालू होतानाचा जुना बायोस मोडच ठेवलेला नसतो, नुसती यूईएफआय ही नवी पद्धत. कसंबसं टाकलंच तर वायफाय आणि डिस्प्लेचे ड्रायव्हर कुठून आणणार.
अकरा तशीच राहू दे, तिच्या पोटात एक्स्पी चालवा. व्हर्च्युअलबॉक्स फुकट मिळतं, ते कॉम्प्युटरच्या आत दुसरा खोटा कॉम्प्युटर, म्हणजे व्हर्च्युअल मशीन, तयार करतं. आमच्या शॉपमध्ये सीएनसीला प्रोग्रॅम पाठवायचं जुनं सॉफ्टवेअर असंच चालवतोय, यूएसबी टू सिरियल केबल व्हर्च्युअल मशीनला जोडली की त्याला वाटतं आपण अजून जुन्याच कॉम्प्युटरवर आहे. एक्स्पीला १ जीबी रॅम लई झाली. डिस्कचा कंट्रोलर आयडीई ठेवा, साटा ठेवलात तर निळा स्क्रीन येईल. बायोसमध्ये व्हर्च्युअलायझेशन चालू करा. आणि खिडकीच्या खालच्या पट्टीत हिरवं कासव दिसलं तर घाबरू नका, विंडोजची स्वतःची व्हर्च्युअल मशीनची सोय, हायपर-व्ही, आडवी येतीय म्हणून गाडी हळू चालली आहे एवढाच अर्थ. विंडोजच्या सेटिंगमधली कोअर आयसोलेशनखालची मेमरी इंटिग्रिटी बंद केली की बऱ्याचदा कासव जातंय, पण ती सुरक्षेसाठी असते, वेग पुरत असेल तर हात लावू नका.

खानापूरवाली
मला कळत नाही अजून किती वर्षं पेजमेकर? ॲडोबीनंच तो कधीचा सोडलाय. इनडिझाइन सीएस६ मिळाला तर त्यात पेजमेकर ७ च्या फाइली उघडतात, नवं काम युनिकोडमध्ये, म्हणजे कुठल्याही कॉम्प्युटरवर तेच अक्षर दिसतं त्या पद्धतीत, करायला लागा. आज ना उद्या करावंच लागणार.

शापूरकर_डीटीपी
ताई, तुमचं बरोबर आहे, पण माझ्या फाइलींतलं मराठी युनिकोड नाही. फॉन्ट बदलला की 'श्री गणेशाय नमः' च्या जागी कंस आणि टक्के दिसतात. एकाच पत्रिकेत वर मराठी, खाली कन्नड, आणि जोडाक्षर फुटलं तर वराकडची मंडळी दुकानात येऊन उभी राहतात. ते करीन सवडीनं. आधी यंदाचा सीझन निघू दे.

निपाणीकर
आमच्याकडं वखारीचा हिशोब अजून डॉसच्या फॉक्सप्रोवर आहे, वडील दुसऱ्याला हातच लावत नाहीत. ६४ बिट विंडोजवर १६ बिटचं काही चालत नाही आणि अकरा ६४ बिटच येते. आम्ही जुने डॉसचे प्रोग्रॅम चालवणारं व्हीडॉस वापरतो, प्रिंट पण येते. पेजमेकर ७ मात्र ३२ बिटचा, तो अकरावर सरळ पण चालतो बऱ्याच जणांकडं, एकदा कंपॅटिबिलिटी मोडमध्ये टाकून बगा. अडतं ते लिपीच्या लॉकच्या (कॉम्प्युटरला लावल्याशिवाय पॅकेज चालत नाही तो खटका) ड्रायव्हरवर, जुना ३२ बिटचा ड्रायव्हर अकरा घेत नाही. काका, तुमचं लॉक कसलं आहे?

शापूरकर_डीटीपी
मागं प्रिंटरच्या लांब पोर्टला लावलेलं, २५ पिनांचं, त्याच्याच पाठीवर प्रिंटरची वायर.

उद्यमबागचा_फिटर
हां, मग खरी गोम हीच. बाजारात यूएसबी टू पॅरलल वायर मिळते ती घेऊ नका, ती फक्त प्रिंटरला चालते, लॉकला नाही. पॅकेजवाल्यांना फोन करून यूएसबी लॉक बदलून मिळतंय का विचारा, बिल असेल तर काढून ठेवा. यूएसबी लॉक व्हर्च्युअल मशीनला सरळ देता येतं.
पण त्याच्या आधी, आजच्या आज, जुन्या डिस्कची पूर्ण इमेज काढा. फाइली कॉपी नाही, इमेज, म्हणजे विंडोजसकट अख्ख्या डिस्कची हुबेहूब नक्कल. डिस्क काढून यूएसबी ॲडॅप्टरला लावायची, इमेज घ्यायची, व्हीबॉक्समॅनेज कन्व्हर्टफ्रॉमरॉ या कमांडनं ती व्हर्च्युअल डिस्क होते. हार्डवेअर बदललं म्हणून एक्स्पी ॲक्टिव्हेशन परत मागेल. आणि त्या एक्स्पीचं नेटवर्क बंदच ठेवा, अपडेट २०१४ च्या एप्रिलमध्येच थांबलेत. फाइली शेअर्ड फोल्डरमधून बाहेर काढायच्या.

निपाणीकर
प्रिंटसाठी एक्स्पीत पोस्टस्क्रिप्ट प्रिंटर टाका आणि फाइलीत प्रिंट काढा. बाहेर अकरावर घोस्टस्क्रिप्ट या प्रोग्रॅमनं त्या फाइलीची पीडीएफ करा. बटर पेपरवर उलटी काढायची असली तर मिरर तिकडं एक्स्पीतच लावा.

शापूरकर_डीटीपी
नऊ दिवसांनी लिहितोय, माफ करा. इमेज पोरानं काढली, पहिल्यांदा निळा स्क्रीन आला, कंट्रोलर बदलल्यावर एक्स्पी उठली, तोच हिरव्या डोंगराचा फोटो, बायको म्हणाली हे परत आलं काय. कासव आहे, पण वेग पुरतोय. पेजमेकर उघडतोय, नुडी चालतीय. लॉक बदलून देतो म्हणालेत, पैसे लागतील, ते यायला वेळ आहे. तोवर टिळकवाडीतल्या एका रिपेअरवाल्याकडनं जुन्या बोर्डचे सहा कंडेन्सर बदलून घेतले, दीड हजार नाही, साडेतीनशे. मराठी त्याच्यावर टाईप करून पीडीएफ काढतोय आणि बाकीचं लॅपटॉपवर. खानापूरच्या ताई, युनिकोडला कुठला फॉन्ट पत्रिकेला जाड उठतो तेवढं सांगून ठेवा.