मदत हवी आहे: जुन्या वाडकिन थिकनेसरचा गिअर कुठे मिळेल?

नमस्कार मंडळी. आजोबांच्या वखारीतलं वाडकिन कंपनीचं थिकनेसर, म्हणजे फळी एकसारख्या जाडीची रंधणारं मशीन (मूळ इंग्लंडच्या लेस्टरचं), पुन्हा चालू करायला घेतलंय. बीडाचं धूड आहे, हलवायला सहा माणसं लागली! गंज काढला, कटरब्लॉक (पाती बसवलेला दंड) मोकळा फिरतो. अडलंय ते फीड रोलरच्या (लाकूड आत ओढणाऱ्या रुळाच्या) गिअरवर. 24 दात, त्यातले दोन तुटलेले. बाहेरचा व्यास सव्वातीन इंच, म्हणजे हिशेबाने 8 डीपी (डायमेट्रल पिच, दातांचं इंची माप).

इथला गिअरवाला म्हणतो, "तीन मोड्यूलमध्ये पाडून देतो, काय फरक पडतोय?" (मोड्यूल म्हणजे दातांचं मिलिमीटरमधलं माप.) पडतो ना! 8 डीपी म्हणजे 3.175 मोड्यूल; जोडीच्या गिअरशी दात बसणारच नाहीत. दोन्ही गिअर बदलावेत, तर शाफ्टमधलं अंतर जुळत नाही. कोल्हापूर-सांगली किंवा पुण्याकडे कुणाकडे 8 डीपीचा कटर आहे का? की तुटलेल्या जागी पितळी वेल्डिंग भरून दात घासून काढावेत? भार तसा फार नसतो, पण मला धाकधूक वाटते.

आणखी एक. अर्ध्या इंचाचे दोन बोल्ट हवेत, व्हिटवर्थ (जुन्या ब्रिटिश मापाच्या) आट्यांचे, इंचाला 12 आटे. दुकानदाराने यूएनसी (अमेरिकन मापाचे) दिले, ते 13 आट्यांचे. दोन फेरे गेले आणि अडकले. नशीब, पाना लावून जोर केला नाही.

कुणाच्या वखारीत असंच मशीन भंगारात निघालं असेल तर कृपया कळवा. गिअरपुरतं विकत घ्यायचीही तयारी आहे. फोटो आणि मापं लगेच पाठवतो.