होम सिम्युलेटरवर खरी प्रोसिजर शिकायची आहे: सुरुवात कुठून?

आडवावारा

मायक्रोसॉफ्टचा २०२० चा फ्लाइट सिम्युलेटर, ट्विस्टवाली जॉयस्टिक, पेडल नाहीत. सेसना १७२ चं जी१००० (डिजिटल पडद्यांचं पॅनेल) मॉडेल. टेकऑफ जमतो, ऑटोपायलट लावता येतो, विमान कसंबसं टेकतं. पण सगळं व्हिडिओ बघून पाठ केलेल्या बटणांवर चाललंय. एखादं बटण का दाबायचं हे विचारलंत तर उत्तर नाही.

नेमके प्रश्न:

१. प्रोसिजर शिकायला हेच विमान ठेवू की सरळ ए३२० (एअरबसचं प्रवासी जेट) वर जाऊ?
२. चेकलिस्ट कुठली वापरायची? नेटवर दहा सापडतात आणि एकीचा दुसरीशी मेळ नाही.
३. आयएलएस अप्रोचला (रेडिओ इशाऱ्यांवर उतरताना) विमान धावपट्टीच्या रेषेत छान येतं, पण ग्लाइडस्लोप (उतरायचा कोन दाखवणारा इशारा) पकडत नाही. ३००० फुटांवर तसंच धावपट्टीवरून पुढे निघून जातं.
४. आधी पेडल (शेपटीचा रडर पायाने फिरवायला) घेऊ की योक (विमानाचं स्टिअरिंग)?
५. ऑनलाइन एटीसीवर (खरी माणसं हवाई वाहतूक नियंत्रक असतात तिथे) कधी जावं?

---

वातकुक्कुट

१७२ च ठेवा. ए३२० मध्ये चूक झाली तर कॉम्प्युटर ती झाकतो, सेसना झाकत नाही. शिकायला तेच हवं.

चेकलिस्टचा मेळ बसत नाही कारण १७२ हे एक विमान नाही. जुनं १७२एन कार्ब्युरेटरवालं, १६० अश्वशक्तीचं. त्याच्या चेकलिस्टमध्ये कार्ब हीट (कार्ब्युरेटरमध्ये बर्फ होऊ नये म्हणून गरम हवा) असते आणि मॅग्नेटोंची (स्पार्क प्लगना वीज देणारी दोन यंत्रं) चाचणी १७०० आरपीएमला. तुमचं १७२एस १८० अश्वशक्तीचं, फ्युएल इंजेक्शनचं. त्यात कार्ब हीटचा नॉबच नाही आणि चाचणी १८०० ला होते. तेव्हा "१७२एस, जी१०००" असं स्पष्ट लिहिलेली चेकलिस्ट घ्या, बाकीच्या फेकून द्या.

थंड इंजिन सुरू करण्याचा क्रम:

फ्युएल सिलेक्टर बोथवर (दोन्ही टाक्या), मिक्श्चर (इंधन-हवेचं प्रमाण ठरवणारा नॉब) पूर्ण मागे. स्टँडबाय बॅटरीचा स्विच टेस्टवर १० सेकंद धरा, हिरवा दिवा विझता कामा नये, मग आर्म. मास्टर ऑन, बीकन ऑन. थ्रॉटल पाव इंच आत. आता फ्युएल पंप ऑन करून मिक्श्चर पुढे ढकला, फ्युएल फ्लोचा काटा ३ ते ५ सेकंद स्थिर दिसू द्या, मग मिक्श्चर पुन्हा मागे. याला प्राइमिंग म्हणतात, म्हणजे सुरू करण्याआधी इंजिनात थोडं इंधन पोचवणं. पंप बंद. किल्ली स्टार्टवर फिरवा आणि इंजिनाने पेट घेतला की मिक्श्चर सावकाश पूर्ण पुढे. ऑइल प्रेशर ३० सेकंदांत हिरव्यात यायला हवं. नाही आलं तर इंजिन बंद.

सिममध्ये प्राइमिंग न करताही इंजिन बहुतेक वेळा सुरू होतं. तरी करा. सिम चालवून घेतं म्हणून टप्पा गाळायचा, ही सवय लागली की ती सुटत नाही.

मॅग्नेटो चाचणीत एका मॅग्नेटोवर गेल्यावर १५० पेक्षा जास्त आरपीएम पडू नये, आणि दोघांमधला फरक ५० च्या आत हवा. अजिबात पडला नाही तर "वा, इंजिन झकास" असं समजू नका. खऱ्या विमानात त्याचा अर्थ तो मॅग्नेटो बंदच होत नाहीये आणि प्रोपेलरला हात लावणं धोक्याचं आहे. सिममध्ये मात्र बहुधा किल्लीची की-बाइंडिंग चुकलेली असते.

चेकलिस्ट वाचत वाचत बटणं दाबू नका. आधी हात पॅनेलवर ठरलेल्या वाटेने फिरवा, १७२ मध्ये डावीकडून उजवीकडे आणि शेवटी खाली फ्युएल सिलेक्टरपाशी. मग चेकलिस्ट वाचून काही राहिलं का ते तपासा. हाताच्या त्या ठरलेल्या वाटेला फ्लो म्हणतात. चेकलिस्ट ही तपासणीची यादी आहे, कामाची नव्हे.

---

ट्रिमटॅब

वरच्याशी सहमत. एक भर: आधी सेटिंग्जमधल्या असिस्टन्समध्ये जा. ऑटो-रडर, ऑटो-मिक्श्चर, ऑटो-ट्रिम, सगळं बंद. ऑटो-मिक्श्चर चालू असेल तर उंचावरच्या विमानतळावर मिक्श्चर पूर्ण रिच (जास्त इंधन) ठेवून इंजिन का दमतं हे कधीच कळणार नाही.

आता ट्रिम, म्हणजे हात न लावता नाक जागेवर ठेवणारं चाक. होम सिमवर सगळ्यात जास्त चुकीची शिकली जाणारी गोष्ट हीच. खऱ्या विमानात ट्रिम केल्यावर योकवरचा दाब हाताला कमी होताना कळतो. तुमच्या जॉयस्टिकची स्प्रिंग कायम एकाच मध्यावर ओढते, त्यामुळे तो इशारा मिळत नाही. मग माणसं ट्रिमनेच विमान वरखाली करायला लागतात आणि विमान समुद्रातल्या होडीसारखं डुलत राहतं.

क्रम असा: नाक हवं तिथे जॉयस्टिकने न्या आणि तिथेच धरून ठेवा. पॉवर लावा. वेग स्थिर होईपर्यंत थांबा, १० ते १५ सेकंद लागतात. मग जॉयस्टिक किंचित मध्याकडे सोडा आणि नाक हललं तेवढंच ट्रिम फिरवा. पुन्हा किंचित सोडा, पुन्हा ट्रिम. जॉयस्टिक मध्यावर आली आणि नाक जागेवर राहिलं की झालं. वेग बदलताना घाईने केलेलं ट्रिम वाया जातं.

सराव: १०० नॉट, उंची कुठलीही, साधारण १७ अंश बँकने (पंख तेवढे कलते ठेवून) पूर्ण ३६० अंशांचं वळण. साधारण २ मिनिटं लागायला हवीत. सेकंदाला ३ अंश म्हणजे स्टँडर्ड रेट. बँक काढायचं ठोकताळ्याचं सूत्र: वेग भागिले १०, अधिक ७. अमेरिकेत इन्स्ट्रुमेंट रेटिंगच्या (बाहेर न बघता उपकरणांवर उडवण्याच्या) परीक्षेला उंची १०० फूट, दिशा १० अंश, वेग १० नॉट इतकीच चूक चालते. तीच मोजपट्टी लावा. पहिल्या दिवशी ३०० फूट घसराल.

---

वातकुक्कुट

सर्किटचे (धावपट्टीभोवतीच्या आयताकृती फेरीचे) आकडे राहिले होते. जमिनीपासून १००० फूट, डावी वळणं, वारा शून्य.

५५ नॉटला नाक उचला, ७४ ला चढा. चढताना उजवा पाय लागतो, कारण प्रोपेलरमुळे नाक डावीकडे ओढलं जातं. पॅनेलवरचा बॉल (विमान तिरकं सरकतंय का ते दाखवणारा) ज्या बाजूला सरकेल त्या बाजूचा पाय दाबायचा. डाउनविंडला (धावपट्टीला समांतर, उलट दिशेने जाणारी बाजू) साधारण २१०० ते २२०० आरपीएम, ९० नॉट. धावपट्टीचा उंबरा (सुरुवातीची कड) बरोबर बाजूला आला की १५०० आरपीएम आणि १० अंश फ्लॅप्स (पंखामागच्या झडपा). १० अंशांना ११० नॉटपर्यंत चालतं, त्यापुढच्या फ्लॅप्सना ८५ च्या खाली यावंच लागतं. उंबरा खांद्यामागे ४५ अंशांवर गेला की बेसला (धावपट्टीला आडवी बाजू) वळा, फ्लॅप्स २० अंश, ७५ नॉट. फायनलला (धावपट्टीच्या रेषेतला शेवटचा टप्पा) फ्लॅप्स ३० अंश, ६५ नॉट.

फायनलला काचेत एक ठिपका धरा, उदाहरणार्थ धावपट्टीवरचे आकडे. ठिपका काचेत वर सरकतोय म्हणजे तुम्ही अलीकडे पडणार, खाली सरकतोय म्हणजे पलीकडे जाणार. स्थिर आहे म्हणजे तिथेच पोचणार. कॅमेऱ्याचा झूम दर वेळी एकच ठेवा, नाहीतर हा अंदाज कधीच बसत नाही.

३०० फुटांवर वेग ७५ आहे, रेषेत नाही, फ्लॅप्स अर्धे आहेत: गो-अराउंड, म्हणजे उतरणं सोडून पुन्हा चढा. पूर्ण थ्रॉटल, फ्लॅप्स लगेच २० वर, ६० नॉट, चढायला लागलं की १०, मग शून्य. फ्लॅप्स एकदम शून्यावर नेले तर विमान खाली जातं. दर पाचव्या फेरीला मुद्दाम गो-अराउंड करा.

---

डीएमईवाला

प्रश्न ३ साठी तीन गोष्टी सांगा. एचएसआयवरची (दिशा आणि रेषा दाखवणारी तबकडी) सुई हिरवी होती की जांभळी? ऑटोपायलटचं कुठलं बटण दाबलं? आणि धावपट्टीपासून कितव्या मैलावर रेषेत आलात?

---

आडवावारा

सुई जांभळी. एपीआर (अप्रोचचं बटण) दाबलं. साधारण ६ मैलांवर वळून रेषेत येतो, उंची ३०००. विमानतळ जवळपास समुद्रसपाटीवर आहे.

---

डीएमईवाला

मग चुका दोन आहेत. एक सुधारलीत तरी दुसरी नडेल, म्हणून दोन्ही समजून घ्या.

पहिली: जांभळी सुई म्हणजे जीपीएस. विमान रेषेत येतंय ते जीपीएसवरची वाट धरून. लोकलायझर (धावपट्टीची रेषा दाखवणारा आयएलएसचा इशारा) त्याने ऐकलेलाच नाही. लोकलायझर नाही तर ग्लाइडस्लोपही नाही. पीएफडीखालची (वैमानिकासमोरचा मुख्य पडदा) सीडीआय ही सॉफ्ट-की दाबा, सुई जीपीएसवरून नॅव्ह १ या रेडिओवर जाईल, सुई हिरवी होईल. त्याआधी आयएलएसची फ्रिक्वेन्सी नॅव्ह १ मध्ये ॲक्टिव्ह करून मोर्सचा इशारा ऐका किंवा पडद्यावर ओळख आली का बघा. सिम आपोआप बदलेल या भरवशावर राहू नका.

दुसरी: ग्लाइडस्लोप ३ अंशांचा, म्हणजे दर सागरी मैलाला सुमारे ३१८ फूट. ६ मैलांवर तो १९०० फुटांच्या आसपास असतो आणि तुम्ही ३००० वर, हजारभर फूट वर. ग्लाइडस्लोप खालूनच पकडायचा असतो. वरून गाठायला गेलात तर ऑटोपायलट पकडत नाही, आणि उतारात खोटे स्लोपही असतात, ते जास्त तीव्र असतात. ३००० वर राहायचं तर १२ मैलांवर रेषेत या. स्लोप साधारण साडेनऊ मैलांवर वरून खाली येऊन भेटेल. किंवा आधीच २००० ला उतरा.

पाळायचा क्रम: हेडिंग मोडमध्ये रेषेला ३० अंशांनी काटा, हिरवी सुई, मग एपीआर. पीएफडीच्या वरच्या पट्टीत लोकलायझर आणि जीएस (ग्लाइडस्लोप) पांढऱ्या अक्षरात दिसले पाहिजेत, म्हणजे तयार. लोकलायझर हिरवा झाला की पकडला, त्यानंतर जीएस हिरवा. नुसतं नॅव्ह दाबलंत तर रेषा मिळते, स्लोप कधीच नाही. बटण दाबून काम झालं असं समजू नका, पट्टी वाचा. ९० टक्के "बग" तिथे लिहिलेले असतात.

स्लोप पकडल्यावर किती वेगाने उतरायचं? ग्राउंड स्पीड गुणिले ५. ९० नॉटला मिनिटाला ४५० फूट. याहून बरंच जास्त लागत असेल तर मागून वारा आहे किंवा तुम्ही वर आहात.

---

एफएमएवाचक

ए३२० बद्दल वातकुक्कुट यांच्याशी अर्धंच सहमत. ज्याला सिस्टिम्सची आवड आहे त्याने एअरलायनर लांब ठेवण्याचं कारण नाही, फक्त सर्किट आणि हाताने आयएलएस जमल्यावर. फ्लायबायवायरचं ए३२एनएक्स मोफत आहे. एक्स-प्लेनवाल्यांना झिबोचं ७३७-८०० मोफत मिळतं.

घेतल्याबरोबर पहिलं काम थ्रॉटल कॅलिब्रेशन. ए३२एनएक्समध्ये फ्लायपॅडवर (कॉकपिटमधला टॅब्लेट) त्यासाठी वेगळं पान आहे. आयडल, क्लाइम्ब, फ्लेक्स, टोगा (पूर्ण ताकद) या थ्रॉटलच्या खाचा नीट बसल्या नाहीत तर गो-अराउंडला लिव्हर पुढे जातो, पण टोगाच्या खाचेत जात नाही, आणि कॉम्प्युटर गो-अराउंड मोडमध्ये येतच नाही. मग लोक विमानाला शिव्या घालतात.

एफसीयूचा (ऑटोपायलटचं पॅनेल) नॉब आत दाबला की मॅनेज्ड, म्हणजे कॉम्प्युटर ठरवेल. बाहेर ओढला की सिलेक्टेड, म्हणजे तुम्ही ठरवाल. प्रत्येक दाबण्या-ओढण्यानंतर वरची एफएमए पट्टी (कुठला मोड चालू आहे ते दाखवणारी) मोठ्याने वाचा. वेडगळ वाटेल, पण एकट्याने दोन वैमानिकांचं काम करताना दुसरा वैमानिक तुमचा आवाजच.

उतरणं कधी सुरू करायचं ते एमसीडीयू (उड्डाणाची माहिती भरायचा कॉम्प्युटर) सांगतो, तरी तोंडी हिशेब करा: उतरायचे हजार फूट गुणिले ३ इतके मैल, शिवाय वेग कमी करायला आणखी १० मैल. ३५,००० वरून ३,००० ला यायचं तर ९६ अधिक १०. एमसीडीयूचा आकडा याच्यापेक्षा फार वेगळा आला तर वाऱ्याची माहिती किंवा एखादी उंचीची अट चुकीची भरली आहे.

---

ट्रिमटॅब

प्रश्न ४: पेडल. योक दिसायला छान, पण ट्विस्ट जॉयस्टिकने पिळताना हात थोडा आडवा जातोच आणि एलेरॉनही (पंख कलवणाऱ्या झडपा) हलतात. आडव्या वाऱ्यात उजवा पंख खाली आणि डावा रडर असं एकाच वेळी धरायचं तर पेडलशिवाय ते नीट जमत नाही. मध्याजवळचा डेड झोन (जॉयस्टिक हलली तरी काही होत नाही तो भाग) ३ ते ५ टक्क्यांवर ठेवू नका, शक्य तितका कमी. जॉयस्टिक सोडल्यावर थरथरत असेल तरच वाढवा.

आडवा वारा मोजायला: ३० अंशांवरून आला तर निम्मा, ४५ ला ०.७, ६० ला ०.९. १७२एसच्या पुस्तिकेत सिद्ध केलेला आडवा वारा १५ नॉट. ५ पासून चढवत न्या. लाइव्ह हवामान नंतर.

---

डीएमईवाला

प्रश्न ५: व्हॅटसिमला (ऑनलाइन एटीसीचं नेटवर्क) सदस्य होणं फुकट आहे, पायलट म्हणून जोडण्याआधी एक ओळख-अभ्यासक्रम आणि चाचणी. सर्किट न बघता जमत असेल आणि रेडिओवर बोलताना विमान वाकडं होत नसेल तेव्हा जा. आधी नुसतं ऐका.

पार्किंग स्टँडवरच जोडा, धावपट्टीवर कधीही नाही. पहिला कॉल: कोणाला, मी कोण, मी कुठे, मला काय हवंय. परत म्हणून दाखवायचं ते धावपट्टी, उंची, हेडिंग, क्यूएनएच (उंचीमापकात भरायचा हवेचा दाब), स्क्वॉक (ट्रान्सपॉन्डरचा चार आकडी कोड) आणि क्लिअरन्स (परवानगी). हवेचा अंदाज परत सांगत बसू नका. ७५०० (अपहरणाचा) स्क्वॉक तिथे गमतीतही चालत नाही.

चार्ट मोफत हवे असतील तर अमेरिकेची एफएए (तिथली विमान वाहतूक संस्था) तिथले सगळे प्रसिद्ध करते, विमान उडवण्याच्या आणि इन्स्ट्रुमेंट फ्लाइंगच्या पुस्तिकाही. प्रोसिजर २८ दिवसांच्या चक्राने बदलतात. तुमच्या सिमचा डेटा जुना असेल तर चार्टही त्याच काळाचा घ्या, नाहीतर नसलेला पॉइंट शोधत बसाल.

---

आडवावारा

हिरवी सुई, २००० फूट, ८ मैल: जीएस पकडला. आता नवा घोळ. फायनलला २० वरून ३० अंश फ्लॅप्स घेतले की नाक वर उठतं, वेग ५५ ला पडतो.

---

वातकुक्कुट

फ्लॅप्समुळे पंखामागचा प्रवाह शेपटीवर जास्त खाली लागतो, म्हणून नाक उठतं. फ्लॅप्सचा लिव्हर हलवताच नाक थोडं पुढे दाबून धरा, ६५ वर स्थिर होऊ द्या, मगच ट्रिम. आणि ३० अंश ५०० फुटांच्या वरच घ्या, म्हणजे सावरायला वेळ राहतो. वेग तरीही पडतोय म्हणजे पॉवर कमी आहे, १०० आरपीएम वाढवून बघा.